हौजातले मासे, अब्बांची पेटी

2018 चा रमजान मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाला होता. वरूडचा मे ज्यांनी काढला आहे, त्यांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. कूलरच्या टाकीत दोन दिवस पाणी उभं राहिलं की कडेने हिरवी बुळबुळ धरते. तशीच बुळबुळ अब्बांच्या दुकानातल्या माशांच्या पेटीला धरली होती. अब्बांची तब्येत त्या वर्षी ठीक नव्हती, महिनाभर दुकान मीच उघडत होतो. ईद आठवड्यावर आली तेव्हा वाटलं, ईदनंतर अब्बा पहिल्यांदा दुकानात येतील तेव्हा पेटी लख्ख दिसली पाहिजे. घरून भांडी घासायची हिरवी घासणी आणली, बाह्या वर केल्या आणि चांगला जोर लावून पुढची बाजू आतून घासून काढली.

शेवाळ दहा मिनिटांत गेलं. पाणी निवळलं, शटर वर केलं, सकाळची तिरीप सरळ पेटीवर आली आणि माझा हात तसाच राहिला. पुढच्या सगळ्या बाजूवर बारीक गोल गोल ओरखडे उठले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मी ज्याला इतकी वर्षं काच समजत होतो ती काच नव्हतीच. ते अ‍ॅक्रिलिक होतं.

अब्बा घडीसाज. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. ईदच्या तिसऱ्या दिवशी ते दुकानात आले, पेटीसमोर स्टूल ओढलं, भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "घासणी में रेत थी. देखा नहीं क्या?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

ही पेटी नुसती शोभेची नव्हती. त्यातले मासे आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या हौजातले होते. 2014 साली तो हौज बुजवला, तेव्हा मुतवल्लींनी मासे कुणी नेणार का म्हणून विचारलं. मोठे मासे कुणाच्या तरी विहिरीत गेले. गप्पी आणि दोन लाल गोल्डफिश अब्बा एका डब्यात घालून घेऊन आले. माझा धाकटा भाऊ तेव्हा मुंबईला होता, त्याने कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून ही पेटी मिळवून तीन वर्षांपूर्वीच पाठवली होती आणि ती रिकामीच पडून होती. तिला अशी वस्ती मिळाली.

हौज बुजवायचं कारणही शेवाळच होतं. म्हणजे बैठकीत तरी तेच सांगितलं गेलं. एक बुजुर्ग नमाजी वजू करताना पायरीवरून घसरले, मनगट मोडलं. त्यात पाण्याची ओरड. वरूड-मोर्शीचा हा पट्टा संत्र्यासाठी जितका नावाजलेला, तितकाच जमिनीखालचं पाणी उपसून संपवण्यासाठी बदनाम. बोअर दरवर्षी खाली जाते. नळाच्या तोट्या बसवल्या तर पाणी वाचेल, घाण होणार नाही, मच्छर होणार नाहीत असं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. अब्बांनी हात वर केला नव्हता. ते बोललेही काही नाहीत.

त्या हौजाची राखण एक खादिम चाचा करायचे. जुम्याच्या आदल्या दिवशी ते अर्धंच पाणी काढायचे. सगळा हौज रिकामा केलेला मी कधीच पाहिला नाही. नारळाच्या काथ्याचा बोळा घेऊन पायऱ्या आणि वजूला बसायच्या कडा ते घासायचे, पण उत्तरेकडची भिंत तशीच सोडायचे. ती हिरवी मखमल माशांसाठी. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं की ही का नाही काढत. ते म्हणाले, "फिर ये क्या खाएंगे?" आणि दुसरी एक गोष्ट ते नेहमी सांगायचे, तेव्हा ती मला म्हाताऱ्याची बडबड वाटायची: पाण्याला ऊन दाखवू नये. हौजाच्या अर्ध्या भागावर त्यांनी पत्र्याचं छप्पर घालून घेतलं होतं ते त्यासाठी.

ओरखड्यांच्या त्या ईदनंतर मी जे वाचत गेलो, त्यात चाचांचं हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटत राहिलं.

आमच्यापासून फार लांब नाही, सातपुड्याच्या पलीकडे तापीकाठी बुऱ्हाणपूर आहे. जहांगीरच्या काळात, 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत तिथे जमिनीखालून पाणी शहरात आणलं. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी भुयारात गोळा करायचं आणि उताराने पुढे न्यायचं. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या, अशा शंभराहून जास्त. लोक त्याला खुनी भंडारा किंवा कुंडी भंडारा म्हणतात. त्याच दशकात मलिक अंबरने आपल्या नव्या शहरात, 1610 साली वसवलेल्या खडकीत, नहर-ए-अंबरी खोदली. तेच पुढे औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या आसपास कात्रजहून पाणी आणलं तेही बांधीव, झाकलेल्या नळातून. शहरात ते हौदांत पडायचं. आपला मराठी हौद हा त्या अरबी हौजाचाच सख्खा भाऊ आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या नहरींचं कौतुक आपण उताराच्या हिशेबासाठी करतो, आणि करायलाच हवं. पण त्यांचा आणखी एक गुण आहे ज्याकडे फारसं लक्ष जात नाही: तिथलं पाणी मैलोन्‌मैल अंधारातून येतं. शेवाळाला दोन गोष्टी लागतात, प्रकाश आणि खाद्य. नायट्रेट आणि फॉस्फेट हे त्याचं खाद्य, पाण्यात सडलेल्या पानांतून आणि माशांच्या विष्ठेतून ते तयार होतं. अंधारात यातलं दुसरं कितीही असलं तरी हिरवं काही उगवत नाही. भुयारात त्रास असतो तो क्षारांचा. बुऱ्हाणपूरच्या भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे थर चढून वाट अरुंद होत गेली आहे. पण हिरवळ सुरू होते ती पाणी उजेडात येतं तिथून, म्हणजे हौजापासून.

असा उजेडात आलेला सगळ्यात देखणा हौज पाहायचा तर पाणचक्कीला जावं. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्याचं ते आवार. 1744 च्या सुमारास तुर्कताजखानाने तिथे पाणी आणून चक्की बसवली, त्या पाण्याच्या जोरावर दळण व्हायचं. मशिदीसमोरचा लांबट हौज आणि कारंजी साधारण वीस वर्षांनी जमील बेगखानाने बांधली. या हौजाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छप्पर, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही खाली गारवा. हौजात मासे असतात आणि येणारे-जाणारे त्यांना काहीबाही खायला टाकतात. आमच्या वऱ्हाडातही अचलपूरजवळ हौज कटोरा आहे. मधोमध आठ कोनांची मजलेदार इमारत, भोवती तलाव. बहमनी काळातली म्हणतात. पाण्याच्या मध्ये उभं राहून पाणी बघायची हौस फार जुनी आहे.

वजूच्या हौजाचा हिशेब हनफी फिकहमध्ये ठरलेला आहे: दह दर दह, म्हणजे दहा हात लांब, दहा हात रुंद. एवढ्या पाण्याला वाहत्या पाण्याचा दर्जा मिळतो. त्यात घाण पडून रंग, चव किंवा वास बदलल्याशिवाय ते नापाक होत नाही. ही गोष्ट मदरशात गेलेल्या कुणालाही ठाऊक असते. मला नवी होती ती पुढची. जुन्या फकीहांनी शेवाळाचा वेगळा विचार केला आहे, त्याला अरबीत तुहलुब म्हणतात. पाण्यात आपोआप उगवलेलं शेवाळ, तळाचा गाळ, गळून पडलेली पानं यांच्यामुळे पाण्याचा रंग बदलला तरी ते पाणी पाकच राहतं, कारण त्यापासून पाण्याला वाचवणं माणसाच्या हातात नाही. हे मी वाचलं तेव्हा आमचा हौज बुजून चार वर्षं झाली होती. बैठकीत हे कुणी सांगितलं असतं तर मी हात खाली घेतला असता का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मनगट मोडलं होतं हेही खरंच होतं.

आता हौज सोडून पेटीकडे येतो.

भिंतीआडचं पाणी बाजूने बघायचं, ही गोष्ट तशी अलीकडची. हौजात मासा दिसतो तो वरून, पाठीचा. तो बाजूने बघायचा तर भिंत पारदर्शक हवी, आणि भिंत पारदर्शक झाली की पाण्याला चारही बाजूंनी ऊन दिसलंच. म्हणजे खादिम चाचांचा नियम मोडूनच फिश टँक तयार होतो. शेवाळ त्याच्या जन्मालाच चिकटलेलं आहे. 1849 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवल्या. मासे सोडतात ती हवा वनस्पतीला आणि वनस्पती सोडते ती माशाला, असा तोल साधायचा होता. तोल साधला, पण वनस्पतीची पानं सडू लागली आणि भांड्याच्या आतून हिरवा चिकट थर धरला. वॉरिंग्टनने त्यात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी थर खाल्ला, सडकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. 1850 मध्ये त्याने हा प्रयोग छापला. पुढे 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं.

आमच्या खादिम चाचांनी वॉरिंग्टनचं नाव ऐकलं असण्याची शक्यता शून्य. उत्तरेची भिंत मात्र त्यांनी त्याच हिशेबाने राखली होती.

1951 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन. खर्च आठ लाखांचा, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दानशुरांचे. अब्बा घड्याळांचं सामान आणायला मुंबईला जायचे, तेव्हा एकदा मला सोबत नेलं होतं आणि संध्याकाळी तिथे घेऊन गेले. मी मासे बघत होतो. अब्बा काचेची जाडी बघत होते, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत होते. रखवालदाराने हटकलं तेव्हा मला फार लाज वाटली होती. पुढे डागडुजीसाठी ते बंद राहून मार्च 2015 मध्ये नव्याने उघडलं. मी मुलीला घेऊन गेलो तेव्हा तिथे बारा फुटांचा बोगदा झाला होता. डोक्यावरून मासे जातात, भिंत कमानीसारखी वाकलेली. काच अशी वाकवून इतकं पाणी तोलून धरायला लावणं कठीण. अ‍ॅक्रिलिक मात्र दीडशे-एकशेसाठ अंशांपर्यंत तापवलं की पापडाच्या लाटीसारखं वळतं आणि गार झालं की त्याच आकारात राहतं.

जगभरातली मोठी मत्स्यालयं याच गुणावर उभी आहेत. जपानच्या ओकिनावात 2002 मध्ये उघडलेल्या चुराउमी मत्स्यालयाची मोठी खिडकी 22.5 मीटर लांब, 8.2 मीटर उंच आणि 60 सेंटिमीटर जाड आहे. अनेक पत्रे एकावर एक जोडून ती केली. एवढी जाड काच घेतली असती तर तिच्यातून समुद्र हिरवट दिसला असता. अ‍ॅक्रिलिक जवळजवळ 92 टक्के उजेड आरपार सोडतं, वजनाला काचेच्या निम्म्याहून कमी आणि सहज तडकत नाही. त्याचा दोष एकच: ते मऊ असतं. वाळूचा कण त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे अशा टाक्यांत पाणबुडे उतरतात ते मऊ पुसणी घेऊन, आणि तळाच्या वाळूपासून सांभाळून.

या पदार्थाची कथा मला अब्बांपाशीच परत घेऊन आली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत ओटो रोम आणि इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ साधारण एकाच वेळी याच्यापर्यंत पोहोचले. जर्मनीत 1933 मध्ये त्याला प्लेक्सिग्लास नाव मिळालं, इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स. दुसरं महायुद्ध आलं आणि सगळं पर्स्पेक्स लढाऊ विमानांच्या वैमानिकापुढच्या पारदर्शक झाकणांत जाऊ लागलं. ऑगस्ट 1940 मध्ये गॉर्डन क्लीव्हर नावाच्या ब्रिटिश वैमानिकाच्या विमानावर गोळ्या लागल्या. झाकण फुटलं आणि त्याच्या चिपा डोळ्यांत घुसल्या. एक डोळा गेला. दुसऱ्यात चिपा राहिल्या. त्याला तपासणाऱ्यांत हॅरॉल्ड रिडली हे नेत्रतज्ज्ञ होते. वर्षं गेली तरी त्या चिपांभोवती डोळा सुजत नाही, पू होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. डोळा या परक्या पदार्थाला आपला समजून बसला होता. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात याच पदार्थाचं भिंग बसवलं. पहिलं कृत्रिम भिंग. बरीच वर्षं त्यांच्या पेशातल्या मोठमोठ्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. आपल्याकडे हे भिंग गरिबाला परवडायला लागलं ते 1992 मध्ये मदुराईत ऑरोलॅब सुरू झाल्यावर. परदेशी भिंगाच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्शात ते मिळू लागलं.

1996 मध्ये अब्बांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ज्या डोळ्याला ते भिंग लावायचे तोच डोळा. आत जे भिंग बसवलं ते याच पदार्थाचं. तेव्हा आमच्या घरात कुणाला त्याचं नाव माहीत नव्हतं. डॉक्टर "प्लास्टिकचं भिंग" म्हणाले आणि अम्मी घाबरली की उन्हात वितळेल.

आणि घड्याळं! एचएमटीचा कारखाना 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला सुरू झाला. 'जनता' घड्याळ वरूडच्या प्रत्येक मास्तराच्या, तलाठ्याच्या आणि संत्र्याच्या दलालाच्या मनगटावर होतं. त्याच्या तबकडीवरची उंचवट काच अ‍ॅक्रिलिकचीच. शेतातून, बाजारातून, एसटीच्या दांड्याला घासून ती पांढुरकी व्हायची. अब्बा ती बदलायला फार नाखूश असायचे. बोटाला मलमलचा तुकडा गुंडाळायचा, त्यावर टूथपेस्ट घ्यायची आणि गोल गोल फिरवत बसायचं. टूथपेस्टमधली बारीक भुकटी अ‍ॅक्रिलिकचा वरचा पातळ थर झिजवते आणि ओरखडा त्या थरासोबत निघून जातो. काचेवर हे चालत नाही. जो पदार्थ सहज ओरबाडतो तोच सहज पुसलाही जातो, हे अब्बांना बोटांनी माहीत होतं. एकदा एक शेतकरी समोर बसून हे बघत होता. म्हणाला, "चाचा, घडीचे दात घासून राह्यले का?"

म्हणजे पेटी, घड्याळ आणि अब्बांचा डोळा, तिन्ही ठिकाणी एकच वस्तू. आणि ती घासायची कशी हे घरात ज्याला सगळ्यात चांगलं कळत होतं, त्याला न विचारता मी घासणी घेऊन गेलो होतो.

ईदनंतर अब्बांनी पेटी मला नीट शिकवली. मी ते इथे लिहून ठेवतो, कारण वरूड-परतवाड्यात आता बऱ्याच घरी अशा पेट्या दिसतात आणि शेवाळ दिसलं की माणूस आधी घासणीच शोधतो.

पेटीसाठी कापड वेगळं ठेवायचं. जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा उत्तम, कितीदा धुतलेला असेल तितका चांगला, पण साबण न लावता. दर वेळी आधी स्वच्छ पाण्यात झटकून घ्यायचं, बोटाने चाचपायचं. एकसुद्धा कण लागला तर पुन्हा धुवायचं. पुसताना वरून खाली यायचं आणि वाळूच्या दोन-तीन बोटं वर थांबायचं. खालचा पट्टा शेवटी, वेगळ्या तुकड्याने, वाळू हाताने मागे सारून. आत-बाहेर चिकटणारे चुंबकाचे पुसणे बाजारात मिळतात. त्यात वाळूचा एक कण अडकला की ते ओरखड्याचं यंत्रच होतं. टणक हिरवे ठिपके कापडाने निघत नाहीत, त्याला अब्बा बाद झालेलं एटीएम कार्ड वापरायचे, पाण्याखाली, तिरपं धरून, हलक्या हाताने. पत्ती, ब्लेड, हिरवी घासणी, तार: पेटीजवळ आणायचीच नाही. काच पुसायचा निळा फवारा तर बाहेरूनही नको. त्यातला अमोनिया आणि स्पिरिट अ‍ॅक्रिलिकला आतून बारीक भेगा पाडतात, त्या पॉलिशनेही जात नाहीत.

आमच्या बोअरच्या पाण्याची पांढरी रेघ पाण्याच्या पातळीवर धरते. ते शेवाळ नाही, क्षार आहे. घासून जात नाही, उलट त्याचा चुरा कापडात येऊन नवे ओरखडे पडतात. पाणी चार बोटं कमी करून सिरक्यात पाणी घालून भिजवलेलं कापड त्या रेघेवर अर्धा तास चिकटवून ठेवायचं. मग ती नरम पडून पुसली जाते.

पण यातलं सगळं नंतरचं. अब्बांनी पहिलं काम केलं ते पेटी उचलून दुकानाच्या आतल्या भिंतीला नेण्याचं, जिथे ऊन पोहोचत नाही. माशांना दिवसातून एकदाच चिमूटभर खाणं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. आणि मागची बाजू पुसायची नाही. मी कारण विचारलं नाही. मला आता उत्तर माहीत होतं.

ओरखड्यांचं काय, हे उरलंच. पाणी भरलेलं असताना आतले ओरखडे तितके दिसत नाहीत. अ‍ॅक्रिलिक आणि पाणी यांच्यात प्रकाशाचं वाकणं फार वेगळं नाही, एकाचा अपवर्तनांक 1.49 तर दुसऱ्याचा 1.33. पाणी चरांत शिरून त्यांना अर्धवट झाकतं. अब्बांना ते पुरेसं नव्हतं. मासे घमेल्यात काढले, पेटी रिकामी करून आडवी केली आणि त्यांनी वॉटर पेपर मागवले. आधी हजार नंबरचा, मग पंधराशे, मग दोन हजार. प्रत्येक कागद आधीच्या कागदाच्या आडव्या दिशेने फिरवायचा, म्हणजे आधीचे चरे संपले की नाही ते कळतं. पाणी सतत लावत राहायचं. एका जागी जास्त झिजवलं तर तिथे खड्डा होऊन मासे वेडेवाकडे दिसतात. शेवटी तीच मलमल आणि तीच टूथपेस्ट. रोज जोहरनंतर तासभर. पेटी आधी धुकं उतरल्यासारखी पांढरी झाली, माझ्या पोटात गोळा आला. तीन आठवड्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा अशी साफ झाली की तिथे काही आहे हे बोट लावल्याशिवाय कळेना.

त्यानंतर त्यांचा हात थरथरू लागला. "बाकी तू कर," म्हणाले. पेटी धुऊन पाणी भरलं, मासे परत सोडले.

2021 मध्ये अब्बा गेले. मशिदीत हौज होता तिथे आता फरशी आहे आणि तिच्यावर चपला ठेवायचे रॅक. नळाच्या तोट्यांपैकी दोन उन्हाळ्यात कोरड्या असतात. गोल्डफिश केव्हाच मेले, गप्पींची मात्र कितवी पिढी चालू आहे ते मोजणं मी सोडून दिलं आहे. दुकानात आता मोबाइलची कव्हरं जास्त विकली जातात, घड्याळ महिन्यातून एखादं येतं.

बाकीची बाजू मी अजून केलेली नाही. वॉटर पेपर ड्रॉवरमध्ये आहेत, अब्बांनी वापरलेले तुकडेही. मुलगी शाळेतून आली की स्टूल ओढून त्या तळहाताएवढ्या जागेला डोळा लावते, कारण तिथूनच मासे नीट दिसतात. परवा विचारत होती, दादाजींनी खिडकी एवढीशीच का केली.